‘कॉर्नर टेबल’ हा नाच कुणी बसवला

ज्यांनी जन्मात गाईला हात लावलेला नाही, अशा इंग्रज कॉव्हेंट्रीकरांना मी अठ्ठावीस वर्षं अमेरिकन गुराख्यांचा नाच शिकवला. इथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं, "उषाताई, तुम्ही काय करता हो?" तर मी "लायब्ररीत असते" एवढंच सांगायची. ते खोटं नव्हतं. आठवड्यातले तीन दिवस मी लायब्ररीच्या काउंटरवर बसत असे. पण मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी, सोशल क्लबच्या हॉलमध्ये, कानाला माइक अडकवून आणि पायात टाचेचे बूट घालून मी जे करायची, ते मंडळात सांगायची सोय नव्हती. लोक आधी हसले असते आणि मग हळूच विचारलं असतं, "तिथे बार असतो ना?" असतो. नसता तर निम्मे लोक आलेच नसते.

हा नाच नक्की काय असतो ते आधी सांगते, कारण आपल्याकडे 'कंट्री डान्स' म्हटलं की लोकांना खेड्यातली जत्रा वाटते. युरोपातून अमेरिकेला गेलेले लोक आपापले जोडीचे नाच बरोबर घेऊन गेले. तिथल्या लाकडी जमिनीवर, बूट घालून नाचता नाचता त्यांचं रूप पालटलं, आणि रेकॉर्ड, सिनेमा यांच्या पाठोपाठ ते नाच समुद्र ओलांडून इकडे परत आले, डोक्यावर मोठी टोपी घालून. जोडप्यांनी हॉलमध्ये मोठं रिंगण करायचं आणि सगळ्यांनी एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट, पुढे पुढे जायचं. बाई पुरुषाच्या उजव्या हाताला. दोघांची तोंडं समोर, हातात हात. बत्तीस ठोके झाले की पुन्हा पहिल्यापासून. सांगलीच्या शाळेत मी लेझीम खेळायची, त्यामुळे मोजणं अंगात होतं. शेजारची जीन मला पहिल्यांदा ओढून घेऊन गेली, तिथल्या शिक्षिकेचा घोटा मुरगळला, आणि "तुला मोजता येतं, तूच शिकव" म्हणून माइक माझ्या कानाला लागला तो लागलाच.

प्रत्येक नाचाचा एक कागद असतो, स्टेपशीट. कुठल्या ठोक्याला कुठला पाय, कुठे वळायचं, गाणं कुठलं, आणि सगळ्यात वर, नाचाच्या नावाखाली, तो कुणी बसवला त्याचं नाव. हे नाव म्हणजे त्या जगातली सगळ्यात मोठी गोष्ट. आमच्या क्लबात कीथ म्हणून एक निवृत्त बस ड्रायव्हर होता. गाणी लावायचं आणि फ्लोअर सांभाळायचं काम त्याचं. त्याच्याकडे स्टेपशीटांच्या अकरा जाड फायली होत्या. कुणी एक पाऊल इकडचं तिकडे केलं की तो गाणं थांबवून फाईल काढायचा. "हू सेज?" हा त्याचा प्रश्न. कुणाच्या सांगण्यावरून? नाव दाखवा.

माणसंही एकेक होती. एक जोडपं घटस्फोट झाल्यावरही सहा वर्षं येत होतं. दोघं वेगवेगळ्या गाड्यांतून यायची, दोन तास एकमेकांचा हात धरून नाचायची आणि वेगवेगळ्या गाड्यांतून निघून जायची. मी एकदा न राहवून विचारलं, तर ती बाई म्हणाली, "नवरा काय, दुसरा मिळेल. पार्टनर तयार करायला वर्षं जातात, लव्ह." मी घरी येऊन हे सांगितल्यावर आमचे हे दोन दिवस जरा जपून वागत होते.

पण मला लिहायचं आहे ते करंदीकरांबद्दल. इतके दिवस टाळलं.

डॉक्टर करंदीकर छातीच्या विकारांचे मोठे डॉक्टर. आमचे हे त्याच हॉस्पिटलात भूल द्यायचे, त्यांचे ते वरिष्ठ. मंडळाचे दोनदा अध्यक्ष. गणपतीच्या आरतीला ते उभे राहिले की मागची कुजबूज आपोआप बंद व्हायची. त्यांच्या पत्नी कुंदावहिनी. बोलायला मृदू, पण घरातलं सगळं त्याच चालवायच्या. निवृत्तीच्या आदल्या वर्षी डॉक्टरांना स्ट्रोक आला. बोलणं शाबूत राहिलं, डावी बाजू गेली. हात लोंबायचा, पाय ओढायचा. त्या दिवसापासून डॉक्टर मंडळात आले नाहीत. कुणी भेटायला जाऊ म्हटलं की वहिनी सांगायच्या, "त्यांची झोपायची वेळ आहे." भर सकाळी अकरा वाजता.

एके दिवशी वहिनी लायब्ररीत माझ्या काउंटरपाशी आल्या. इकडे तिकडे बघत म्हणाल्या, "उषा, तू तो नाच शिकवतेस ना गं?" मी चपापले. त्यांना कसं कळलं कोण जाणे. "फिजिओ म्हणते, म्युझिकवर चालवा. घरी चालत नाहीत, माझ्यावर ओरडतात. तुझा हॉल रिकामा असतो का कधी?"

गुरुवारचा वर्ग साडेसातला असायचा. साडेसहाला हॉल उघडा असे. त्या वेळी दोघं यायला लागली. मागच्या दाराने यायची, कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसायची. डॉक्टर कोट काढायचे नाहीत. मी एक संथ गाणं लावून द्यायची आणि खुर्च्या मांडत राहायची, कारण मी बघितलेलं त्यांना चालत नसे.

पहिले काही आठवडे नुसतं चालणं. मग एका गुरुवारी बघते तर वहिनी त्यांच्या डाव्या बाजूला उभ्या. रिंगणातल्या बाईची जागा उजवीकडे. मी सांगायला पुढे झाले आणि थांबले. डावा हात लुळा होता, तो त्यांनी आपल्या हातात घेतला होता. पडले असते तर त्याच बाजूला पडले असते. सोळा ठोके दोघं चालायची. मग वहिनी त्यांचा तो हात स्वतःच वर उचलायच्या आणि त्याच्याखालून हळू गिरकी घ्यायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पुरुषानेच हात उंच करून बाईला फिरवलं. गिरकी झाली की दोघं चार ठोके नुसती उभी. काही नाही. त्या चार ठोक्यांत डॉक्टर आपला डावा पाय मागून ओढून अंगाखाली आणायचे. मग वहिनी पुटपुटायच्या, "चला," आणि पुन्हा पहिल्यापासून.

वहिनींना नाचातलं काही येत नव्हतं. त्यांना नवऱ्याचा पाय तेवढा ठाऊक होता. त्यातून त्यांनी बत्तीस ठोक्यांचा नाच बसवला आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. पाचव्या की सहाव्या महिन्यात मी डॉक्टरांना हसताना पाहिलं. कोटही खुर्चीवर काढून ठेवला होता.

कीथ त्या दिवशी लवकर आला. दारातच उभा राहून त्याने दोन फेऱ्या बघितल्या आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, "दॅट्स लव्हली. हा कुठला डान्स? माझ्याकडे शीट नाही ह्याचं."

मी वहिनींना विचारलं, वर्गाला शिकवू का? त्या लाजल्या. डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "शिकव की. पण आमचं नाव नको." वहिनींनी मला बाजूला घेतलं. "नाव छापलंस तर मंडळात कळेल, उषा. मग लोक येतील बघायला. ह्यांना नाही सहन व्हायचं गं."

मी शीट लिहिलं. नाचाला नाव दिलं 'कॉर्नर टेबल', ती बसायची म्हणून. कीथला नेऊन दिलं, तर त्याने वरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "हू सेज?" मी म्हटलं, नाव नाही. तो म्हणाला, "नो नेम, नो शीट, उषा. तुलाच ठाऊक आहे." मागे वर्ग ताटकळला होता. मी पेन घेतलं आणि माझं नाव लिहिलं. तात्पुरतं, असं मनात म्हटलं. आपल्या माणसांची अब्रू आपणच झाकायची, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. त्या क्षणी मला वाटलं, मी चांगलंच काही करते आहे.

नाच चालला. का चालतो एखादा नाच आणि दुसरा का पडतो, हे अठ्ठावीस वर्षांनंतरही मला सांगता येणार नाही. बाई डावीकडे, हे लोकांना भारी वाटलं. आमच्याकडून लेस्टरला गेला, तिथून कुणी समुद्रकाठच्या हॉलिडे पार्कमध्ये नेला. कुणीतरी व्हिडिओ टाकला. मला बोलावणी यायला लागली. पोस्टरवर माझा फोटो, खाली 'कॉर्नर टेबल'ची उषा. जोडपी येऊन सांगायची, आम्ही आमच्या लग्नात हा नाच केला. मी हसून म्हणायची, "थँक यू."

तक्रार एकच यायची. ते चार ठोके. लोकांना मध्येच उभं राहणं जमत नव्हतं. मागचं जोडपं पुढच्यावर आदळायचं, कुणी हसायचं, कुणाला वाटायचं गाणं चुकलं. एका मोठ्या कार्यक्रमाच्या आधी संयोजक बाई म्हणाल्या, इथे काहीतरी घाला ना, डेड आहे. मी विचारसुद्धा केला नाही. त्या चार ठोक्यांत पुरुषाला एक पूर्ण गिरकी घातली, आपल्या दोन पायांवर. नाच एकदम खुलला. टाळ्या पडल्या. नवं शीट निघालं, जुनं कीथने फाईलमधून काढून टाकलं.

डॉक्टर आणखी तीन वर्षं होते. दुसऱ्या स्ट्रोकनंतर गुरुवार बंद झाले. त्यांना बाहेरच्या या सगळ्याची कल्पना नव्हती, मी दिली नव्हती. ते गेले तेव्हा मंडळ लोटलं. भाषणं झाली, पण कोपऱ्यातल्या टेबलाबद्दल अर्थातच कुणी बोललं नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर वहिनी माझ्याकडे आल्या. कोथिंबीरवड्या आणल्या होत्या. चहा झाला, वाटलं निघतील आता, तर म्हणाल्या, "उषा, त्या कागदावर आता ह्यांचं नाव घालशील का गं?"

मी गोळा केलेले कप पुन्हा टेबलावर ठेवले.

"आता कोण बघायला येणार आहे त्यांना?" त्या म्हणाल्या. "छातीचे डॉक्टर म्हणून सगळे सांगतात. पण ते वर्ष फार छान गेलं आमचं. ते कुठे लिहिलेलंच नाही."

स्वतःचं नाव त्यांनी मागितलंच नाही. नाच त्यांचा आणि नाव नवऱ्याचं, एवढंच त्यांचं मागणं. मी म्हटलं, "घालते ना वहिनी. लगेच घालते."

घातलं नाही. आधी म्हटलं, हा सीझन जाऊ दे. मग कीथ आजारी होता. मग जिथून सगळे स्टेपशीट घेतात त्या वेबसाइटवाल्यांना मेल लिहायचा होता, तो इंग्रजीत नीट लिहायचा होता. भिजत घोंगडं ठेवायला कारणं हवी तेवढी मिळतात. खरं एकच होतं: मला ते आवडत होतं. या देशात मी आयुष्यभर कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई, काउंटरवरची बाई होते. एका गोष्टीवर माझं नाव होतं. ती गोष्ट माझी नव्हती, पण नाव सुटत नव्हतं. वहिनींनी दोन दिवाळ्यांना फोन केला. विषय काढला नाही. मीही मूग गिळून बसले.

पुढे गुडघ्यांमुळे त्या वॉटफर्डला मुलाकडे राहायला गेल्या. निखिल तिथे शाळेत शिकवतो. माझं वॉटफर्डला रविवारी दुपारी एक वर्कशॉप होतं, आणि निखिलने कुठेतरी पोस्टर बघून आईला आणलं. मी स्टेजवरून पाहिलं तर दारापाशी व्हीलचेअर आणि तिच्यात वहिनी, अंगावर जांभळी साडी. कार्यक्रमात पुढचा नाच 'कॉर्नर टेबल' होता, आणि साठ-सत्तर जोडपी रिंगण करून उभी होती. मी मोजायला लागले.

सोळा ठोके चालणं. बाईची गिरकी. मग सगळे पुरुष एकदम फिरले, बुटांचा एकच आवाज झाला.

मी वहिनींकडे बघत होते. त्यांचा हात मांडीवर होता, बोटांनी त्या ठोके मोजत होत्या. पुरुष फिरले तिथे बोटं थांबली. पुढच्या फेरीलाही तिथेच थांबली. तिसऱ्या फेरीला त्यांनी हात पदराखाली घेतला.

ब्रेकमध्ये मी जवळ गेले. निखिल चहा आणायला गेला होता. वहिनी म्हणाल्या, "छान झालं. केवढे लोक." मग म्हणाल्या, "हे इथे थांबायचे."

मी म्हटलं, "लोकांना थांबायला जमत नाही, वहिनी. म्हणून बदललं."

त्या म्हणाल्या, "ह्यांना तरी कुठे जमत होतं?"

एवढंच. ना राग, ना टोमणा. मी कुठल्या गाडीने आले, जेवले का, हे त्यांनी विचारलं. नावाचं पुन्हा कधीच विचारलं नाही.

त्या आठवड्यात मी कीथकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्याने फाईल उघडली, माझ्या नावावर काट मारली आणि म्हणाला, "स्पेल इट." मी दोघांचीही नावं सांगितली. त्याने चार ठोकेही परत घातले आणि मंगळवारी नवं शीट वाटलं. वर्ग ऐकून घेत होता. एकीचे तर डोळे भरून आले. गाणं लागलं, सगळी जोडपी त्या ठोक्यांपाशी आली आणि सगळे पुरुष फिरले. पायांना सवय झाली होती. तीन आठवड्यांनी सगळे पुन्हा फोनवरचं पुरुषांच्या गिरकीचं शीट बघत होते, कारण नवं शीट कागदावर फक्त आमच्याच क्लबात होतं. कीथ म्हणाला, "वेबसाइटला तूच लिहायला हवं, उषा. नाव तुझं आहे, काढायचं तूच." मला वाईट वाटायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. मी लिहिलं नाही. कीथही पुढच्या वर्षी गेला, त्याच्या फायली त्याच्या मुलीने रिसायकलिंगला दिल्या.

गेल्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. वॉटफर्डच्या स्मशानगृहात तीस-चाळीस माणसं होती. निखिलने मला पाहिलं आणि सरळ येऊन मिठी मारली. त्याचं मराठी तुटकं आहे, पण माझ्याशी तो हट्टाने मराठीतच बोलतो.

"उषामावशी, आई सगळ्यांना सांगायची तुमचा गोष्ट," तो म्हणाला. "बाबांचा पाय खराब झाला तेव्हा सगळे घरी यायचं बंद झाले. ओन्ली यू. तुम्ही बाबांसाठी पूर्ण एक डान्स बनवला. आई म्हणायची, उषाने बनवलं म्हणून ते परत उभे राहिले." त्याचे डोळे लाल होते. "आय नेव्हर थँक्ड यू. प्लीज, दोन मिनिटं बोलाल? त्या डान्सबद्दल?"

वहिनींनी त्याला असं का सांगितलं, हे मला पक्कं कळलेलं नाही. मी नाव घालणार नाही हे त्यांनी ओळखलं असावं, आणि मग निदान मुलाच्या मनात तरी माझी लाज राहावी, असं ठरवलं असावं. मंडळातल्या माणसाची अब्रू झाकायची रीत त्यांनाही होतीच.

मी पुढे गेले. बोलायला उभी राहिले तेव्हा खरं सांगायचं ठरलं होतं, शपथेवर सांगते. समोर निखिल, त्याची बायको, दोन मुली, सगळे माझ्याकडे बघत होते. मी डॉक्टरांच्या धीराबद्दल बोलले. वहिनींच्या प्रेमाबद्दल बोलले. हॉल कसा होता, गाणं कुठलं होतं, हे सांगितलं. आणि मग माझ्या तोंडून निघालं, "मी हा नाच त्यांच्यासाठी बसवला, याचा मला अभिमान आहे." निखिलची धाकटी रडायला लागली. मी खाली आल्यावर तिने माझा हात धरला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही.

घरी येऊन निखिलला पत्र लिहायला बसले. चार महिन्यांत तीनदा बसले. 'डिअर निखिल'च्या पुढे एक ओळ गेली नाही. मग आपल्या मंडळाच्या अंकाच्या संपादकांचा फोन आला, कामाच्या काही आठवणी द्या म्हणून, आणि हे सगळं एका बैठकीत कागदावर उतरलं. 'कॉर्नर टेबल' कुंदावहिनी करंदीकरांनी बसवला. त्यात चार ठोके उभं राहायचं असतं. पुरुषाने फिरायचं नसतं. वाचणाऱ्यांपैकी कुणी हे निखिलच्या कानावर घातलं, तर मी नाकारणार नाही.

अंक त्याच्याही घरी जाईल, वहिनी आजीव सभासद होत्या म्हणून. तो पाकीट फोडतो, मुखपृष्ठ बघतो आणि आईच्या पुस्तकांशेजारी लावून ठेवतो, असं त्यानेच मला सांगितलं. त्याला मराठी वाचता येत नाही. लिहायला बसले तेव्हा मला हे ठाऊक होतं.